विश्लेषण : मुक्त प्रशिक्षकाची निवृत्ती कोण ठरवणार?

नोकरदाराच्या निवृत्तीची तारीख नोकरी लागते त्याच दिवशी ठरलेली असते. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षी आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांना ६० व्या वर्षी घरी जावे लागते. मुक्त प्रशिक्षकाचे, म्हणजेच फ्रीलान्स ट्रेनरचे तसे नाही. त्याला कोणी निरोप समारंभ करत नाही आणि ‘उद्यापासून येऊ नका’ असे पत्रही देत नाही. फोन येत राहतात तोवर काम चालू राहते. गड पाहायचे, पेटी शिकायची, परसबाग लावायची, हे सगळे ‘जरा मोकळा झालो की’ या सबबीखाली मागे पडत जाते. भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकसारख्या, शहर आणि कारखाने यांच्या मधोमध असलेल्या गावात राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न आणखी ठळक होतो. काम हळूहळू कमी करत निवृत्तीकडे जाता येते का, त्यासाठी पैशांचे आणि दिवसांचे गणित कसे मांडायचे, याचा हा आढावा.

मुक्त प्रशिक्षक म्हणजे नेमके कोण?

प्रशिक्षक म्हटले की टाय लावून पंचतारांकित हॉटेलात व्याख्यान देणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात हा वर्ग बराच मोठा आणि विखुरलेला आहे. पुण्याच्या ‘यशदा’शी जोडलेले प्रवीण प्रशिक्षक सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणे घेतात. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये शिवणकाम, दुग्धव्यवसाय, हिशेब शिकवायला बाहेरचे जाणकार बोलावले जातात. महिला बचत गटांना व्यवहार शिकवणाऱ्या ताई असतात. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे असतात. कारखान्यांत सुरक्षा, प्रथमोपचार, गुणवत्ता, यंत्रदेखभाल शिकवणारे निवृत्त फोरमन आणि इंजिनीअर असतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यामुळे त्या विषयावर कार्यशाळा घेणाऱ्यांनाही मागणी आहे.

या सगळ्यांत दोन गोष्टी समान आहेत. पगार नसतो, मानधन किंवा फी असते. आणि पुढच्या महिन्यात किती काम असेल हे कोणालाच सांगता येत नाही.

वरवे बुद्रुकचा संबंध काय?

पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याकडे निघाले की खेड शिवापूरनंतर शिवगंगा खोऱ्यातली वरवे, नसरापूर, कापूरहोळ ही गावे लागतात. महामार्ग गावाला लागून. उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर पुणे, तिथल्या संस्था, महाविद्यालये आणि कंपन्यांची कार्यालये. दक्षिणेला सातारा जिल्ह्याची हद्द ओलांडली की शिरवळचा औद्योगिक पट्टा. चेलाडी फाट्यावरून आत वळले की वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. तिथे ग्रामपंचायती आणि बचत गटांचे काम. याच परिसरात ज्ञान प्रबोधिनीने अनेक वर्षे ग्रामीण महिलांचे बचत गट आणि प्रशिक्षणाचे काम उभे केले आहे. थोडक्यात, प्रशिक्षकाला तिन्ही दिशांना काम आहे.

छंदही याच तिन्ही दिशांना आहेत. राजगड आणि तोरणा तासाभराच्या अंतरावर. नसरापूरजवळ बनेश्वरचे बन. पावसाळ्यात भाताची खाचरे, ओढे, पक्षी. गावात भजनी मंडळ, पखवाज, हरिनाम सप्ताह. जे पाहायला आणि करायला पुण्याची माणसे शनिवार-रविवारी गाड्या भरून येतात, ते इथल्या माणसाच्या उंबऱ्याशी आहे. तरीही महामार्गावर सकाळी सातला पुण्याच्या दिशेने आणि रात्री नऊला गावाच्या दिशेने जाणाऱ्या प्रशिक्षकाला ते दिसत नाही. जवळ आहे म्हणून ते कधीही करता येईल असे वाटते, आणि कधीही करता येणारी गोष्ट बहुधा राहूनच जाते.

काम कमी करणे इतके अवघड का?

पहिले कारण भीती. ‘एकदा नाही म्हटले की पुन्हा बोलावणार नाहीत’ ही धास्ती प्रत्येक मुक्त प्रशिक्षकाला असते. ती अगदीच खोटी नाही. संस्थेच्या यादीत पुढचे नाव तयार असते.

दुसरे कारण उशिरा मिळणारे पैसे. मानधनाचे बिल दोन-तीन महिने अडकले की हातातली रक्कम कमी वाटते, आणि ती भरून काढायला आणखी चार कामे घेतली जातात. प्रत्यक्षात पैसे कमवलेले असतात, फक्त हातात आलेले नसतात.

तिसरे कारण हिशेबातली चूक. प्रशिक्षक आपले दिवस मोजतो ते फक्त वर्ग घेतल्याचे. एका दिवसाच्या वर्गामागे आदल्या दिवशीची तयारी, प्रवास, नंतरचा अहवाल, हजेरीपत्रक, बिल आणि बिलासाठीचे चार फोन असतात. हे सगळे धरले तर फीचा एक दिवस आयुष्यातले जवळपास दोन दिवस घेतो. वर्षाला १२० दिवस वर्ग घेणारा माणूस ‘मी तर वर्षाचा एक तृतीयांशच काम करतो’ असे म्हणतो; खरे तर त्याचे २४० दिवस कामात गेलेले असतात. पूर्णवेळ नोकरदाराचे कामाचे दिवस याहून फार जास्त नसतात.

चौथे कारण मानाचे. ‘सर’ किंवा ‘मॅडम’ ही हाक नोकरी सुटल्यावरही कायम राहते ती वर्गामुळे. गावात घरी बसलेला माणूस रिकामा समजला जातो. पारावर बसून पखवाजाचा हात बसवणाऱ्यापेक्षा पाठीला बॅग लावून पुण्याला निघालेल्याला जास्त विचारले जाते. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण काम न सोडण्यामागे पैशाइतकेच हेही असते.

आणि पाचवे कारण म्हणजे फुकटची कामे. शाळेत एक तास, तरुण मंडळात एक व्याख्यान, ओळखीच्या संस्थेत ‘जरा मार्गदर्शन’. गावाचे ऋण म्हणून यातले काही करावेच. पण त्याचीही संख्या ठरलेली नसेल तर फीची कामे कमी करून मोकळे केलेले दिवस या वाटेने निघून जातात.

किती दिवस काम पुरेसे आहे?

हा प्रश्न मनाला न विचारता कागदाला विचारावा. एक कल्पित उदाहरण घेऊ. घरखर्च महिना ४० हजार रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज मिळून महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. तूट १ लाख ८० हजारांची. प्रवासखर्च वजा जाता एका दिवसाचे ५ हजार रुपये हातात येत असतील तर ही तूट भरून काढायला ३६ दिवस लागतात. आजारपण आणि बुडीत बिलांसाठी आणखी ९ दिवस धरले तर ४५. तयारी आणि प्रवासासह हे ९० दिवस झाले.

ज्याला भीतीपोटी १२० दिवसही कमी वाटत होते, त्याची गरज ४५ दिवसांची निघते. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील. कोणाचे घराचे कर्ज राहिले असेल, कोणाच्या मुलीचे शिक्षण चालू असेल. त्यांची गरज १०० दिवसांचीही निघू शकते. पण आकडा काढला की निदान एवढे कळते की त्यापुढचा प्रत्येक दिवस आपण गरजेपोटी काम करत नाही आहोत. तो दिवस आपण गडाच्या, पुस्तकाच्या किंवा नातवंडांच्या वाट्यातून काढून देत आहोत. असा दिवस द्यायला हरकत नाही. तो कुठून काढला हे माहीत असले म्हणजे झाले.

एकदम ४५ वर येण्याचीही गरज नाही. ५८ व्या वर्षी १२०, ६० व्या वर्षी ८०, ६२ ला ४५ आणि ६५ ला २० अशी उतरती पायरी आधीच लिहून ठेवली तर ती पाळता येते. ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून पायऱ्या उतरता येत नाहीत.

कामाचा आणि छंदाचा हंगाम एकच असेल तर?

प्रशिक्षणाच्या कामालाही शेतीसारखा हंगाम असतो. जानेवारी ते मार्च हा सुगीचा काळ. आर्थिक वर्ष संपण्याआधी प्रशिक्षणाचा निधी खर्ची टाकायचा असतो आणि त्यातच ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन व त्याला जोडून सुरक्षा सप्ताह येतो. २ ऑक्टोबरनंतर ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यांची कामे सुरू होतात. उलट एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालयांत परीक्षा असतात. जुलैत भोर-वेल्ह्यात भात लावणी चालू असते, तेव्हा बचत गटाच्या प्रशिक्षणाला बायका येणार कुठून? गणपती आणि दिवाळीत सगळीकडेच सामसूम.

छंदाचे पंचांग याच्याशी ताडून पाहावे. गडांवर रानफुले बहरतात ती पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. गड चढायला सर्वांत चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमके कामाच्या गर्दीचे. उन्हाळ्याची कामे नसलेली सुट्टी दुर्गभ्रमंतीच्या उपयोगाची नाही. ती वाचनाला, वाद्याला, लाकूडकामाला बरी. परसबागेचे बहुतेक काम मृगाच्या आधी आणि लगेच नंतर. म्हणजे ‘काम नसेल तेव्हा छंद’ असे धोरण ठेवले तर बाहेरचे छंद कायमचे हुकतात. त्यांच्यासाठी कामाच्या हंगामातलेच दिवस आधी काढून ठेवावे लागतात. वर्षाच्या सुरुवातीला दिनदर्शिकेत आधी छंदाचे दिवस लाल शाईने लिहावेत आणि उरलेल्या तारखा संस्थांना द्याव्यात, असे म्हणण्यामागे हाच व्यवहार आहे.

छंद निवृत्तीनंतर सुरू करता येत नाही का?

येतो, पण सगळे छंद सारखे नसतात. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे. गुडघे साथ देत असतानाच तो चढावा लागतो. वाद्यावर बोटे बसायला वर्षे जातात. जे छंद शरीर मागतात ते आधी, जे बैठक मागतात ते नंतर, असा क्रम लावणे शहाणपणाचे. ५८ ते ६५ ही वर्षे म्हणूनच मोलाची. ती कामाच्या शेपटीत घालवली तर ७० व्या वर्षी वेळ असतो आणि गुडघे नसतात.

पुण्यातले अनिल अवचट (१९४४-२०२२) यांचे उदाहरण या संदर्भात आठवण्यासारखे. डॉक्टर, पत्रकार, लेखक आणि १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापकांपैकी एक, अशा सगळ्या भूमिका निभावताना ते ओरिगामी, बासरी, चित्रकला आणि लाकडातली शिल्पे यांत रमत. ‘छंदांविषयी’ या नावाचे पुस्तकच त्यांनी लिहिले. त्यांच्या बाबतीत छंद हा कामाच्या शेवटी मिळणारा बक्षिसाचा पेढा नव्हता. तो कामाच्या बरोबरीने चालत राहिला. म्हणूनच तो उतारवयातही सोबत राहिला.

प्रशिक्षकांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. शिकवणे अंगात मुरलेले असल्याने छंदाचाही लवकरच वर्ग होतो. पक्षी ओळखता येऊ लागले की ‘पक्षिनिरीक्षण शिबिर’, सेंद्रिय भाजी पिकली की ‘परसबाग कार्यशाळा’. आसपासची माणसेही तेच सुचवतात. एवढे येते तर क्लास काढा की! काहींना त्यातून खरा आनंद आणि थोडे पैसे मिळतात. पण ज्या छंदाला नोंदणी, फी आणि वेळापत्रक आले, त्याचे काम झाले. एक तरी छंद असा ठेवावा की ज्यात आपण कोणाला काही शिकवत नाही. आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहिलेल्याने एकदा तरी मागच्या बाकावर बसून पाहावे.

पैशांचे नियम काय सांगतात?

कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये, किमान १० वर्षांची सेवा असेल तर ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळते. ५० वर्षांनंतर ते लवकरही घेता येते. मात्र ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के घट होते आणि ती आयुष्यभर राहते. उलट ६० पर्यंत थांबल्यास प्रत्येक वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते. पन्नाशीतच नोकरी सोडून मुक्त प्रशिक्षणाकडे वळलेल्यांनी हे नीट पाहावे. सुरुवातीच्या वर्षांत चांगली फी मिळत असताना निवृत्तिवेतनाला घाईने हात लावू नये. फीने मधली वर्षे ओलांडून द्यावीत आणि नंतरची वर्षे निवृत्तिवेतनाने सांभाळावीत.

साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत गुंतवता येतात. व्याज दर तिमाहीला मिळते, त्यामुळे अनियमित फीच्या जोडीला एक नियमित रक्कम येत राहते. निवृत्तीचे लाभ हाती आलेल्यांना ठरावीक मुदतीत ५५ व्या वर्षानंतरही हे खाते उघडता येते.

कराच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, एखाद्या संस्थेने वर्षभरात ५० हजार रुपयांपेक्षा जास्त व्यावसायिक शुल्क दिले तर ती १० टक्के टीडीएस कापते. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून, विशेष दराने कर लागणारे उत्पन्न वगळता, १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्यामुळे अनेक प्रशिक्षकांचा कापलेला टीडीएस परत मिळण्यासारखा असतो, पण विवरणपत्र भरले तरच.

दोन, आगाऊ कर. साठीच्या पुढच्या निवासी ज्येष्ठ नागरिकांना व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर आगाऊ कर भरावा लागत नाही. प्रशिक्षणाची फी हे व्यवसायाचेच उत्पन्न आहे. त्यामुळे वर्षाला चार वर्ग घेतले तरी ही सवलत जाते आणि टीडीएस वजा जाता कर १० हजार रुपये किंवा अधिक निघत असेल तर तो आगाऊ भरावा लागतो. ‘मी तर पेन्शनर’ असे समजून बसलेल्यांना नंतर व्याज भरावे लागते ते इथेच.

तीन, जीएसटी. सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. काम कमी करत जाणाऱ्या प्रशिक्षकाला बहुधा या वाटेला जावे लागत नाही. काही व्यवसायांना निम्मे उत्पन्न नफा धरून कर भरण्याची सोपी पद्धत आहे. ती आपल्या विषयाला लागू होते का, हे मात्र कर सल्लागाराला विचारूनच ठरवावे, कारण सगळ्या प्रकारचे प्रशिक्षण त्यात बसतेच असे नाही.

अडकलेल्या मानधनाचे काय?

यावर एक उपाय कायद्यात आहे आणि तो फार कमी प्रशिक्षकांना माहीत असतो. सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करता येते. ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. एखाद्या कंपनीने ही मुदत पाळली नाही तर थकीत रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत तिला त्या खर्चाची करातली वजावट मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असेल तर हिशेब विभाग बिलाकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

सरकारी योजनांतून मिळणाऱ्या मानधनाचे दुखणे वेगळे. निधी वरून आला नाही हे तिथले नेहमीचे उत्तर. जी व्यवस्था गावोगावी वेळेवर आराखडे आणि काटेकोर हिशेब शिकवायला माणसे पाठवते, तिनेच त्या माणसांचे पैसे तिमाही-तिमाही थकवावेत, हे शोभत नाही. मानधनाचा दर वाढवण्याइतकेच ते ठरल्या दिवशी मिळणे महत्त्वाचे आहे. वेळेवर पैसे मिळाले तर प्रशिक्षकाला कमी काम घेणे परवडते.

आरोग्यविम्याचे नियोजन कधी करायचे?

नोकरी सुटली की कंपनीचा गटविमाही सुटतो. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. पण ५८ ते ७० या मधल्या बारा वर्षांचे काय? नेमकी हीच मुक्त प्रशिक्षकाची हळूहळू निवृत्त होण्याची वर्षे.

एप्रिल २०२४ पासून आरोग्यविमा घेण्यासाठी ६५ वर्षांची वयोमर्यादा राहिलेली नाही. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळही जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे. याचा सरळ अर्थ असा की गटविमा संपण्याच्या तीन वर्षे आधी स्वतःचा विमा सुरू केला तर तो ऐन गरजेच्या वेळी पूर्ण कामाला येतो. एक मोठे आजारपण वर सांगितलेल्या ४५ दिवसांच्या गणिताचे १५० दिवस करू शकते. म्हणून कामाचे दिवस कमी करण्याच्या आधी विमा घ्यावा.

घरातल्या बाईच्या निवृत्तीचे काय?

या विषयावरचा बहुतेक सल्ला पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून दिला जातो. बचत गटांना, अंगणवाडी सेविकांना, शिवणवर्गांना शिकवणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांनी वर्ग कमी केले तर मोकळा झालेला वेळ छंदाला मिळेलच याची खात्री नसते. तो स्वयंपाकघर, नातवंडे आणि घरातल्या आजाऱ्यांकडे वळतो. अनेकींसाठी प्रशिक्षणाचा दिवस हाच घराबाहेरचा, स्वतःचा दिवस असतो. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे झाल्याने मानधनातून हातात चार पैसे जास्त राहतात, ही त्यातली जमेची बाजू.

म्हणून काम कमी करण्याचा निर्णय एकट्याचा नसावा. नवरा ४५ दिवसांवर आला की घरकामातला त्याचा वाटा किती वाढणार, हेही त्याच कागदावर लिहावे. तो घरी बसून पेटी वाजवणार आणि तिच्याकडे चहाच्या दोन फेऱ्या जास्त मागणार, तर एकाची निवृत्ती ही दुसरीची बढती ठरते, तीही बिनपगारी.

इतर देशांत काय व्यवस्था आहे?

स्वीडनमध्ये सार्वजनिक निवृत्तिवेतन पूर्ण न घेता चतुर्थांश, निम्मे किंवा पाऊण घेण्याची सोय आहे. उरलेल्या वेळात माणूस काम करू शकतो. जपानमध्ये ‘सिल्व्हर’ मनुष्यबळ केंद्रे साठीपुढच्या सभासदांना गावातलीच छोटी कामे मिळवून देतात. ती कामे साधारण महिन्याला दहा दिवस किंवा आठवड्याला वीस तासांच्या आसपास असावीत अशी मर्यादा आहे. काम मिळवून देणारी यंत्रणाच जास्त काम करू देत नाही, हे त्यातले शहाणपण.

आपल्याकडे निम्मे निवृत्तिवेतन आणि निम्मे काम अशी रचना ईपीएसमध्ये नाही. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. गृहस्थाश्रम आणि संन्यास यांच्यामध्ये वानप्रस्थाची पायरी जुन्या विचारानेही ठेवली होती. संसार पुढच्या पिढीकडे सोपवत जाण्याचा तो काळ. आज ती पायरी कायद्याने बांधून दिलेली नाही, त्यामुळे ज्याची त्याने बांधायची आहे.

काम सोपवायचे कसे?

अचानक ‘बंद केले’ म्हणण्यापेक्षा चार गोष्टी करता येतात. पहिली, नेहमीच्या संस्थांना वर्षाच्या सुरुवातीलाच कळवावे की यंदा माझ्याकडे इतकेच दिवस आहेत. मर्यादा आधी सांगितली की तो नकार राहत नाही, ती अट होते. दुसरी, फी वाढवावी. काही कामे आपोआप गळतात आणि उरलेल्यांत तेवढेच पैसे मिळतात. तिसरी, लांबचा प्रवास असलेली कामे आधी सोडावीत. वरव्यातून शिरवळला जाऊन दुपारी घरी येता येते, पुण्याच्या पलीकडच्या टोकाला गेलेला दिवस रात्रीच संपतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तालुक्यातल्या एखाद्या तरुण प्रशिक्षकाला सोबत घ्यावे. पहिल्या वर्षी त्याने मागे बसावे, दुसऱ्या वर्षी अर्धा दिवस घ्यावा, तिसऱ्या वर्षी वर्ग त्याचा आणि आपण मागे. त्याला त्याच्या दिवसाची फी मिळेल हे पाहावे, नाहीतर ती उमेदवारी न राहता वेठबिगारी होईल. काम कमी केल्याने आपली किंमत कमी होते ही भीती यातून बरीचशी जाते. संस्थेचे काम अडत नाही, विषय गावात राहतो आणि ‘सर’ ही हाकही राहते.

ज्यांना परवडत नाही त्यांचे काय?

हा आढावा अर्धवट राहील, जर हे सांगितले नाही तर. अनेक ग्रामीण प्रशिक्षकांना कधीच भविष्यनिर्वाह निधी नव्हता. ज्यांना होता त्यांतल्या कित्येकांचे ईपीएस निवृत्तिवेतन किमान १ हजार रुपयांच्या आसपास आहे; ही किमान रक्कम २०१४ मध्ये ठरली. त्यांच्यासाठी ४५ दिवसांचे गणित जुळणार नाही. त्यांना काम करत राहावे लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण छंदाचा हक्क फक्त पेन्शनवाल्यांचा नाही. वर्षाला १५० दिवस वर्ग घेणाऱ्यानेही आठवड्यातली एक सायंकाळ भजनाला किंवा वाचनाला बांधून ठेवली तर तिला कोणी हात लावू शकत नाही. अट एकच, ती सायंकाळ फोन आल्यावर मोडायची नाही.

मग निष्कर्ष काय?

मुक्त व्यवसायाने स्वातंत्र्य मिळते असे म्हणतात. ते खरे तर निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य असते, आणि निर्णय घेतला नाही तर बाजार तो घेतो. बाजाराच्या निर्णयात फोन येणे बंद होते तीच निवृत्ती. तोवर गुडघे, दृष्टी आणि बरोबर गड चढणारे मित्र, यांतले काय उरले असेल ते नशिबावर.

त्यापेक्षा तारीख आपण लिहावी. गरजेचे दिवस मोजावेत, त्यात थोडी भर घालावी, विमा आधी घ्यावा, निवृत्तिवेतनाला घाई करू नये, मानधनाचा पाठपुरावा कायद्याने करावा आणि एका तरुणाला तयार करावे. छंदाचे दिवस दिनदर्शिकेत पहिल्यांदा लिहावेत. हे सगळे ५५ व्या वर्षी केले तर उत्तम, ६० व्या वर्षी केले तरी उशीर झालेला नाही. येत्या जानेवारी ते मार्चच्या तारखा मागणारा पहिला फोन येण्याआधी हा कागद तयार असावा, एवढेच.